मुस्लिम संग्राहकांसाठी चांदीचं नाणं: आराखड्यापासून ठशापर्यंत

दिवाळीला लक्ष्मी-गणपतीची नाणी पाडणाऱ्या कारखान्याकडे ईदच्या नाण्याची ऑर्डर आली की बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. काठाची वेलबुट्टी तशीच ठेवायची, लक्ष्मीच्या जागी काबा बसवायचा आणि वर संगणकातला मिळेल तो फॉन्ट वापरून 'बिस्मिल्लाह' टाकायचं. असं नाणं भेट म्हणून खपतं. पण ज्याच्या कपाटात चार जुने दिरहम (इस्लामी राजवटींची चांदीची नाणी) आहेत, तो ते उलटून पाहतो आणि परत ठेवतो.

तेराशे वर्षं या परंपरेत नाणं ही वाचायची वस्तू आहे. सुरुवातीच्या अरब राज्यकर्त्यांनी इराणच्या सासानी राजांचीच नाणी पुढे चालू ठेवली होती. राजाचा मुखवटा तसाच, फक्त काठावर बारीक 'बिस्मिल्लाह'. मग उमय्या खलिफा अब्द अल-मलिकनं हिजरी 77 मध्ये, म्हणजे इसवी 696-97 च्या सुमारास, सोन्याच्या दिनारावरून चित्र काढून टाकलं आणि दोन्ही बाजू अक्षरांनी भरल्या. चांदीच्या दिरहमवर तोच बदल त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत आला. पुढच्या बाजूला मधोमध तीन ओळींत एकेश्वराची साक्ष, भोवती टांकसाळीचं नाव आणि साल. मागच्या बाजूला कुराणातली इख्लास सूरा (अध्याय). राजाचं नावसुद्धा नाही. आजही कुठल्याही लिलावात उमय्या दिरहम दाखवला तर जाणकार आधी टांकसाळीचं नाव वाचतो: दमास्कस, वासित, बसरा. तेव्हा या कामात कलाकुसर चित्रात नाही, अक्षरात आहे, आणि अर्धी मेहनत काय कोरायचं नाही हे ठरवण्यात जाते.

गिऱ्हाईक ठरवा, मग वजन

'मुस्लिम संग्राहक' असं एकच गिऱ्हाईक नसतं. इतिहासाचा शौकीन असतो, त्याला कुफी लिपी आणि जुना साचा हवा असतो. निकाह, हज किंवा ईदसाठी भेट घेणारं कुटुंब असतं, त्यांना सुवाच्य, पवित्र वाटेल असं काही हवं असतं. तिसरा शुद्ध चांदी साठवणारा. तो टंच (शुद्धता) आणि वजन पाहतो, बाकी सगळं त्याला शोभेचं. एकाच नाण्यात तिघांना खूश करायला गेलात तर तिघेही नाराज होतात.

वजन ठरवताना तीन मापं समोर ठेवा. पहिलं शरई, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातल्या दिरहमचं: दहा दिरहम म्हणजे सात मिस्काल, मिस्काल 4.25 ग्रॅम, म्हणून दिरहम 2.975 ग्रॅम. मलेशियातल्या केलांतान राज्यात 2010 मध्ये जे दिनार-दिरहम बाजारात आणले, ते याच मापाचे होते. दुसरं तोळ्याचं: 11.664 ग्रॅम. शेरशाह सूरीचा रुपया साधारण 178 ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास होता आणि मुघलांनी तेच वजन पुढे चालवलं. त्यामुळे भारतीय गिऱ्हाइकासाठी एक तोळ्याचं नाणं हातात रुपयासारखं बसतं. तिसरं ट्रॉय औंसाचं, 31.1035 ग्रॅम, जगभरच्या सराफ्याचं माप.

यातला औंस फार उपयोगी आहे, आणि कारखानदारांच्या हे सहसा लक्षात येत नाही. भारतातल्या हनफी (बहुसंख्य सुन्नींचा पंथ) हिशेबात मेहरची, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायच्या रकमेची, किमान मर्यादा दहा दिरहम, म्हणजे 30.618 ग्रॅम चांदी धरतात; या हिशेबात दिरहम थोडा जड, 3.0618 ग्रॅमचा. एक औंसाचं नाणं ती मर्यादा जेमतेम ओलांडतं. म्हणजे 'मेहरचं नाणं' म्हणून ते प्रामाणिकपणे विकता येतं, फक्त ते किमान आहे, शिफारस नव्हे, हे सांगायला विसरू नका. मेहर-ए-फातिमी याच हिशेबात पाचशे दिरहम, म्हणजे 1530.9 ग्रॅम होतो. त्यासाठी औंसाची 50 नाणी लागतात. आता निसाब पाहा, म्हणजे ज्या मर्यादेपासून जकात लागू होते ती. हनफी हिशेबात साडेबावन्न तोळे, 612.36 ग्रॅम, दोनशे शरई दिरहम धरले तर 595 ग्रॅम. औंसाची 20 नाणी मावणारी नळी हे बाजारातलं रूढ पॅकिंग आहे, आणि 20 औंस म्हणजे 622 ग्रॅम. अशी एक नळी दोन्ही मर्यादा ओलांडते. ती घेणाऱ्याला वर्षभरानंतर अडीच टक्के जकातीचा हिशेब करावा लागेल, हे माहितीपत्रकात लिहिलंत तर गिऱ्हाईक दुरावत नाही, उलट विश्वास बसतो.

इथे महाराष्ट्रापुरती एक सूचना. रत्नागिरी, रायगड, भिवंडीकडचे कोकणी मुसलमान बहुतांश शाफई पंथाचे; त्यांच्याकडे मेहरला किमान मर्यादा नाही. मुंबईचे दाऊदी बोहरा वेगळे, त्यांची मिसरी कालगणनाही वेगळी, चंद्रदर्शनाऐवजी गणितावर चालणारी. हनफी आकडे छापलेलं माहितीपत्रक सगळीकडे वाटू नका.

काय कोरायचं नाही

औरंगजेबानं नाण्यांवरून कलमा (एकेश्वराची आणि प्रेषिताची साक्ष) काढून टाकायला लावला. कारण असं, की नाणं कुणाच्याही हातात जातं, पायाखाली येतं, आणि पवित्र शब्दांची विटंबना होते. त्याजागी त्यानं फारसी बैत (दोन चरणांचा शेर) घातली: 'सिक्का ज़द दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर, शाह औरंगज़ेब आलमगीर'. चांदीच्या रुपयावर 'बद्र', म्हणजे पूर्णचंद्र, आणि सोन्याच्या मोहरेवर त्या जागी 'मिह्र', सूर्य. एवढा कर्मठ बादशहा, आणि त्यानंच नाण्यावरून कलमा उतरवला, हे आराखडा मंजूर करणाऱ्या मालकाला जरूर सांगावं. खिशात राहणारं, हातोहात फिरणारं लहान नाणं असेल तर आयत (कुराणातलं वचन) किंवा कलमा टाळा. टांकसाळ, साल, वजन आणि फार तर एखादी दुआ पुरते. डबीत बंद राहणाऱ्या मोठ्या नाण्यावर आयत चालते, पण डबीवर तसं स्पष्ट लिहा. कित्येक जण वजू (नमाजाआधी करतात तसं हातपाय-तोंड धुणं) केल्याशिवाय अशा वस्तूला हात लावत नाहीत.

माणूस, पशू, पक्षी नको, हे बहुतेकांना माहीत असतं. इतिहास मात्र इतका सरळ नाही. जहांगीरनं राशीचिन्हांची नाणी पाडली, स्वतःचं चित्रही कोरलं; तुर्कमान अर्तुकी राजांच्या तांब्याच्या नाण्यांवर चेहरेच चेहरे आहेत. इतिहासाच्या शौकिनाला तो नमुना भुरळ घालेल, पण ईदच्या भेटीसाठी तो नाही. बुराकचं, म्हणजे प्रेषितांच्या स्वर्गारोहणातल्या वाहनाचं, चित्र तर कुणासाठीच नको.

इमारतींमध्ये एक चूक वारंवार दिसते. 'अल-अक्सा' असं लिहून सोनेरी घुमटाचं चित्र कोरतात. सोनेरी घुमट हा कुब्बत अस-सखरा, खडकावरचा घुमट. त्याच आवारात दक्षिणेला असलेली किबली मशीद शिशाच्या करड्या घुमटाची आहे. आवाराला मिळूनही अल-अक्सा म्हणतात, त्यामुळे वाद घालता येतो. पण चित्राखाली नाव कोरायचं असेल तर इमारतीचं कोरा. काब्याचं चित्र परदेशातल्या मोठ्या टांकसाळींनीही सोन्याच्या लगडींवर घेतलं आहे, ब्रिटनच्या रॉयल मिंटनं 2022 मध्ये. त्यामुळे त्यात आता नावीन्य उरलेलं नाही. सौदी ध्वज, कुठल्याही देशाचं बोधचिन्ह, आपली सिंहांची राजमुद्रा यांतलं काही वापरू नका. राजमुद्रेसाठी तर 2005 चा स्वतंत्र कायदा आहे.

पंथाचा प्रश्न नाजूक आहे. चार खलिफांची नावं मुघल नाण्यांवर सर्रास असत. फातिमी (इजिप्तमधलं शिया राजघराणं) नाण्यांवर अलींचा उल्लेख असे. दोन्ही ऐतिहासिक आहेत, पण सर्वांसाठीच्या नाण्यात दोन्ही टाळावेत. बोहरा समाजासाठी वेगळी मालिका काढायची असेल तर फातिमी खलिफा अल-मुइज्जच्या दिनाराचा साचा पाहा: अक्षरांची एकात एक तीन वर्तुळं. इतका देखणा आणि ठशावर सोपा आराखडा क्वचित सापडतो.

अक्षर

खत्तात (अरबी सुलेखनकार) किंवा उर्दू कातिब (हस्तलेखक) गाठा, आणि त्याच्याकडून नाण्याच्या मापाच्या दसपट वर्तुळात लिहून घ्या. फॉन्टवर समाधान मानलंत तर नाणं रबरी शिक्क्यासारखं दिसेल.

लिपीची निवड मापावर ठरते. कुफी कोनाची, सारख्या जाडीची. 25 मिलिमीटरच्या नाण्यावरही उठून दिसते. नस्ख मध्यम मापाला बरी. नस्तालीकचे फराटे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला केसाएवढे बारीक, म्हणून ती 38 मिलिमीटरच्या खाली वापरू नये असं माझं मत. मुघल रुपयांवर नस्तालीक शोभते खरी, पण तो ठसा नाण्यापेक्षा मोठा असे आणि मजकूर कडेला कापला जाई. पेशवाईतल्या पुण्याच्या अंकुशी रुपयावरही शाह आलमच्या नावाचा फारसी मजकूर असाच अर्धामुर्धा येतो. आजच्या गिऱ्हाइकाला अर्धं वाक्य चालणार नाही.

कोणतीही रेघ 0.25 मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, नुक्ते (अक्षरांचे ठिपके) 0.3 च्या खाली नकोत. 'बे', 'ते' आणि 'नून' यांत शब्दाच्या मध्ये फरक फक्त नुक्त्यांचा. ठसा घासून चमकवताना एक नुक्ता बुजला की शब्द बदलतो, आणि पवित्र मजकुरात ते अक्षम्य. प्राचीन कुफी नाण्यांवर नुक्ते जवळजवळ नसतच. हुबेहूब जुना साचा करताना तेही चालतं, पण मग ते मुद्दाम आहे हे माहितीपत्रकात सांगा, नाहीतर तक्रारी येतील.

संगणकावरचा घोळ मराठी कारखान्यांत नेहमीचा आहे. खोदकामाच्या पुष्कळ सॉफ्टवेअरना अरबी जोडणी कळत नाही. मजकूर चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि उलट क्रमानं, डावीकडून उजवीकडे मांडली जातात. ज्याला अरबी येत नाही त्याला ते नक्षीदार आणि बरोबरच वाटतं! म्हणून कातिबाच्या हस्तलिखिताचं स्कॅन घ्या, त्याच्या कडांचा आराखडा करा, आणि खोदकामाच्या संगणकात फक्त आकार पाठवा, मजकूर कधीच नाही. काठावरच्या वर्तुळात मजकूर बसवताना दुसरा सापळा असतो. अक्षरांची डोकी बाहेरच्या बाजूला असतील तर अरबी मजकूर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. आपली सॉफ्टवेअर आपण सांगितल्याशिवाय सरळ दिशेनं फिरवतात.

मजकूर तपासण्याची शिस्त अशी ठेवा. आयत असेल तर छापील मुसहफातून (कुराणाच्या प्रतीतून) अक्षर-अक्षर ताडून पाहा. कुराणाची लेखनपद्धती रोजच्या अरबीपेक्षा काही शब्दांत वेगळी असते. एकदा कागदावर हाफिजाची (कुराण तोंडपाठ असलेल्याची) सही. दुसऱ्यांदा ठसा तयार झाल्यावर: ठशावर अक्षर उलटं असतं, म्हणून शिशाच्या चकतीवर दाब देऊन छाप घ्या आणि तोच दाखवा. ही दुसरी सही घेतल्याशिवाय चांदी लावू नका.

सालासाठी फक्त हिजरी वर्ष कोरा, तारीख नको. चंद्रदर्शनामुळे भारत आणि सौदीत एक दिवसाचा फरक पडतो, मिसरी पंचांगात आणखी वेगळा. अंक आखातासाठी अरबी पद्धतीचे, भारतासाठी उर्दू-फारसी पद्धतीचे. 4, 5 आणि 6 यांची वळणं दोन्हींत निराळी आहेत. एकाच नाण्यात दोन्हींची सरमिसळ दिसली की माल परत येतो.

ठसा आणि छपाई

आधी जाडीचा हिशेब करा. चांदीची घनता 10.49. औंसाचं 38.6 मिलिमीटर व्यासाचं नाणं सरासरी अडीच मिलिमीटर जाड येतं, तोळ्याचं 26 मिलिमीटरचं दोनच्या थोडं वर. पण 2.975 ग्रॅमचा दिरहम जुन्या पद्धतीनं 26 मिलिमीटर रुंद केलात तर जाडी उरते अर्धा मिलिमीटर. इतक्या पातळ पत्र्यावर खोल उठाव धरतच नाही. पुढच्या बाजूला धातू वर चढला की मागच्या बाजूला खड्डा पडतो, आणि दोन्हींकडे एकमेकांची सावली दिसते. अशा वेळी उठाव एक दशांश मिलिमीटरच्या आत ठेवा, मोठा मजकूर दोन्ही बाजूंना एकासमोर एक येऊ देऊ नका, किंवा व्यास 20-21 पर्यंत आणा. औंसाच्या नाण्यावर 0.3 पर्यंत उठाव आरामात मिळतो. अक्षरांच्या भिंती सरळ उभ्या नकोत. पंधरा अंशांचा उतार द्या, नाहीतर नाणं ठशाला चिकटतं.

अकबराचा चौकोनी रुपया किंवा अल्-मुवाहिदांचा (मोरोक्को-स्पेनमधलं राजघराणं) चौकोनी दिरहम करायचा मोह होईल. जरूर करा, फक्त कोपऱ्यांत धातू सर्वात शेवटी पोचतो, तेव्हा मजकूर कोपऱ्यांपासून दूर ठेवा.

चांदी 999 टंचाची. लहान कारखान्यानं स्वतः ओतण्यापेक्षा रिफायनरीकडून तयार पत्रा घ्यावा. ओतणार असाल तर लक्षात असू द्या: वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते आणि थिजताना तो बाहेर टाकते, त्यामुळे पृष्ठभागावर फोड येतात. मुशीत वर कोळशाचा थर हवा. पुढचा क्रम ठरलेला: पत्रा लाटणं, चकत्या तोडणं, कडा उभारणं, मग भट्टीत नरम करणं, पातळ आम्लात धुणं आणि चमकवणं. एकेका चकतीचं वजन करा आणि 31.11 ते 31.15 या पट्ट्यात बसणारीच पुढे जाऊ द्या. कमी वजनाची एकही नको; मापात मारणाऱ्यांवरून कुराणातल्या एका सूरेचं नावच पडलं आहे, मुतफ्फिफीन, आणि तुमच्या गिऱ्हाइकाला ती पाठ आहे.

औंसाच्या चांदीला दोनशे टनांच्या आसपासचा हायड्रॉलिक प्रेस लागतो. खोल उठावासाठी एका दणक्यात सगळं काढू नका, दोन दणके द्या. शुद्ध चांदी मऊ असली तरी दाबानं कडक होते, आणि दोनातही अक्षर भरलं नाही तर तिसऱ्या दणक्यानं ते भरेल अशी आशा सोडा. चकती पुरेशी नरम झाली नव्हती हेच खरं कारण असतं.

काही महिन्यांनी नाण्यांवर दुधासारखे पांढरे डाग येतात. बहुतेकदा चकत्या धुतल्यानंतर राहिलेला रसायनाचा अंश त्याला कारण असतो. शेवटचं धुणं क्षारविरहित पाण्यात करा आणि लगेच वाळवा. पीव्हीसीच्या पिशव्या आणि रबरबँड डबीच्या जवळही नकोत.

टंच तपासायला क्ष-किरणांचं यंत्र पुरेसं नाही, ते वरचा थर वाचतं. दर घाण्यातला (एका वेळी काढलेल्या मालातला) एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीनं तपासून घ्या आणि तो दाखला घाण्याच्या क्रमांकासह जपा.

कायद्याची कुंपणं

भारतात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा, कॉइनेज अ‍ॅक्ट 2011 नुसार. तेव्हा नाण्यावर मूल्य, रुपयाचं चिन्ह, 'चलन' असलं काही नको. बिलावर 'चांदीचं पदक' लिहा. या चांदीनं दुकानात व्यवहार करा असं सुचवणारी जाहिरात तर मुळीच नको. इंडोनेशियात डेपोकला दिनार-दिरहमवर बाजार चालवणाऱ्यांवर 2021 मध्ये पोलिस कारवाई झाली होती. जुन्या नाण्याची प्रतिकृती असेल तर तुमचं चिन्ह आणि आजचं साल दिसेल असं कोरा. अमेरिकेत पाठवायची तर तिथल्या 1973 च्या कायद्यानं 'कॉपी' हा शब्द नाण्यावरच लागतो. देशात विकताना जीएसटी 3 टक्के.

विक्री

इथे नेहमीच्या सराफी सवयी आड येतात. सोनं-चांदीचा व्यवहार हातोहात व्हावा, असा इस्लामी नियम आहे. आगाऊ पैसे घेऊन दोन महिन्यांनी नाणं देण्याची योजना, हप्ते, भिशी यांवर धार्मिक गिऱ्हाईक आक्षेप घेतं. आधी माल तयार करा, मग विका. ऑनलाइन विक्रीत पैसे येताच अनुक्रमांकासह विशिष्ट नाणं त्या माणसाच्या नावावर बाजूला काढण्याची पद्धत काही विद्वान मान्य करतात. तुमच्या योजनेबद्दल एका मुफ्तींचं लेखी मत आधीच घेऊन ठेवा.

जुनी चांदी देऊन नवं नाणं, वर घट आणि मजुरी, हा आपल्या पेढीवरचा रोजचा प्रकार. चांदीच्या बदल्यात चांदी कमी-जास्त वजनानं देणं त्यांच्याकडे व्याजाच्या सदरात मोडतं. उपाय सोपा आहे: जुनी चांदी रोखीनं विकत घ्या, पैसे हातात द्या, मग नाण्याचं वेगळं बिल करा. दोन पावत्या होतील, कुरकुर होणार नाही. आणि नाण्यासोबत 'चांदीची वाटी मोफत' असली दिवाळी योजना इथे लावू नका. चांदीच्या भांड्यात खाणंपिणं त्यांना वर्ज्य आहे.

अनुक्रमांकांमध्ये 786 ला ('बिस्मिल्लाह' वाक्याच्या अक्षरांची अंकांतली बेरीज) भारतात चढी मागणी असते. अरब जगात त्या आकड्याला काही अर्थ नाही, आणि इथलेही बरेच उलेमा त्यावर नाराज असतात. तो क्रमांक जास्त भावानं विकायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मी असतो तर नेहमीच्याच भावानं दिला असता.

मालिका संपली की ठसा रद्द करावा लागतो, नाहीतर 'मर्यादित संख्या' या शब्दांना अर्थ नाही. टांकसाळीत रूढ पद्धत म्हणजे ठशावर आडवी-उभी फुली मारणं आणि त्याचा फोटो काढणं. अल्लाहचं नाव किंवा आयत असलेल्या ठशावर फुली मारलेला फोटो एकदा बाहेर गेला तर तुमचा धंदा बसला म्हणून समजा. असा ठसा भट्टीत नरम करा, तोंड मिलिंग यंत्रावर सपाट करून घ्या, आणि कोऱ्या तोंडाचा फोटो दाखल्याला जोडा. वाया गेलेली नाणी भंगाराच्या पिंपात टाकू नका; झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा आणि त्याच आठवड्यात मुशीत घाला. शिशाच्या छापांचंही तेच.